वाचकांचे प्रश्न : खोडलेल्या अक्षरांचं काय करायचं?

मागच्या अंकात मी सिनाई कोडेक्सबद्दल लिहिलं होतं. चौथ्या शतकात चर्मपत्रावर ग्रीकमध्ये लिहिलेला हा बायबलचा ग्रंथ आज चार ठिकाणी विखुरला आहे. 347 पानं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, 43 लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात, 12 पानं आणि काही तुकडे सिनाईच्या सेंट कॅथरिन मठात आणि थोडे तुकडे सेंट पीटर्सबर्गला आहेत. या सगळ्यांची छायाचित्रं आणि अक्षरशः उतरवलेला मजकूर एकत्र आणणारी डिजिटल आवृत्ती 2009 साली पूर्ण स्वरूपात खुली झाली. त्या लेखात मी जाता जाता लिहून गेले की, उरलेल्या पानांवर सुमारे 23,000 दुरुस्त्या आहेत. बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आली आहेत, म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुरुस्ती आली की ती घ्यायची, जुना शब्द विसरायचा, हा आमचा नियम. मग दुरुस्त झालेली चूक तुम्ही पुन्हा उकरून का काढता? वाचकाच्या पुढे शुद्ध मजकूरच जायला हवा ना? (एक निवृत्त मुद्रितशोधक)

उत्तर : आपला नियम छापखान्यासाठी अगदी बरोबर आहे. तिथे आपल्यासमोर लेखकाची मूळ प्रत असायची, शंका आली तर लेखकाला विचारता यायचं आणि दुरुस्तीला त्याची मान्यता असायची. सिनाई कोडेक्सच्या समासात लिहिणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे होती आणखी एक प्रत, तीही कोणीतरी हातानेच उतरवलेली. तो जेव्हा शब्द बदलतो तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच असतं की, माझ्यासमोरच्या पोथीत इथे वेगळं आहे.

एका दुरुस्ती करणाऱ्याने हे स्वतःच सांगून ठेवलंय. एस्तेरच्या पुस्तकाच्या शेवटी त्याचं टिपण आहे : हा ग्रंथ एका अतिशय जुन्या प्रतीशी ताडून पाहिला, ती प्रत हुतात्मा पॅम्फिलसने स्वतःच्या हाताने शुद्ध केलेली होती. त्या जुन्या प्रतीच्या शेवटी पॅम्फिलसची जी नोंद होती तीही त्याने उतरवून घेतली आहे. पॅम्फिलस आणि त्याचा सोबती अँटोनिनस यांनी तुरुंगात बसून ओरिजेन या आधीच्या ख्रिस्ती पंडिताच्या प्रतीवरून ते काम केलं होतं. अँटोनिनसने ताडून पाहिलं, पॅम्फिलसने दुरुस्त केलं. आणि हा टिपणकर्ता पुढे लिहितो की, विशेषनामांच्या बाबतीत ती जुनी प्रत आणि हा ग्रंथ जुळत नाहीत. इतक्या प्रामाणिकपणे आपला आधार सांगणारा मुद्रितशोधक मी दुसरा पाहिलेला नाही. त्याने नावं बदलली ती त्या प्रतीच्या आधारावर. पण सिनाईच्या मूळ लेखनिकाच्या पुढ्यातही एक प्रत होतीच, आणि ती तर कायमची हरवली आहे. तिच्याकडे जायची एकच वाट आपल्याला उरलीय, ती म्हणजे लेखनिकाने पहिल्यांदा लिहिलेलं अक्षर. ते मी गाळलं तर वाट बुजली.

आता हे उदाहरण पाहा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं 28वं वचन आपल्याला परिचित आहे : रानातली फुलं कशी वाढतात ते पाहा, ती कष्ट करत नाहीत, कातत नाहीत. सिनाई कोडेक्समध्ये आज नुसत्या डोळ्यांना हेच दिसतं. पण हे पान 1930च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये अतिनील दिव्याखाली धरलं तेव्हा खरवडलेल्या जागी खालची अक्षरं उमटली. लेखनिकाने आधी ‘वाढतात’ लिहिलंच नव्हतं. त्याने लिहिलं होतं ‘पिंजत नाहीत’. फुलं लोकर पिंजत नाहीत, कातत नाहीत, कष्टत नाहीत. ग्रीकमध्ये ‘अउक्सानूसिन’ म्हणजे वाढतात आणि ‘ऊ क्सेनूसिन’ म्हणजे पिंजत नाहीत. कानाला जवळ, अर्थाला दूर. पिंजणं आणि मग कातणं, हा कामाचा क्रमही किती नेमका लागतो! ब्रिटिश म्युझियममधले अभ्यासक टी. सी. स्कीट यांनी 1938 साली हा पाठ प्रसिद्ध केला आणि हाच मूळ असावा असं मांडलं. ते सगळ्यांना पटलेलं नाही, आजच्या प्रमाण चिकित्सक आवृत्तीत मजकुरात ‘वाढतात’च आहे. पण वाद घालायला तो शब्द समोर तर हवा. दुरुस्ती घ्यायची आणि जुनं विसरायचं, या नियमाने तो आपल्याला कधीच भेटला नसता.

आणि ‘शेवटची दुरुस्ती ग्राह्य’ असं धरलं तरी निभत नाही. लूकच्या 22व्या अध्यायात येशूला प्रार्थना करताना रक्ताच्या थेंबांसारखा घाम आला, अशी दोन वचनं आहेत, 43 आणि 44. सिनाईच्या लेखनिकाने ती लिहिली. पहिल्या दुरुस्ती करणाऱ्याने त्यांना वगळण्याच्या खुणा केल्या. पुढे दुसरा आला, त्याने त्या खुणाच पुसल्या. म्हणजे शेवटी मजकूर होता तसाच राहिला. आपल्या नियमाने छापलं तर इथे काही घडलंच नाही असं दिसेल. प्रत्यक्षात या दोन वचनांवर तीन माणसं एकामागून एक थांबली होती.

प्रश्न : 23,000 चुका असलेल्या ग्रंथाला एवढं महत्त्व का द्यायचं?

उत्तर : दुरुस्ती म्हणजे चूक नव्हे, हे वर आलंच. बाकी बहुतांश दुरुस्त्या शुद्धलेखनाच्या आहेत. त्या काळापर्यंत ग्रीकमध्ये ‘एप्सिलॉन-आयोटा’ ही जोडी आणि एकटा ‘आयोटा’ यांचा उच्चार सारखाच झाला होता, तसंच ‘आल्फा-आयोटा’ आणि ‘एप्सिलॉन’ यांचा. कानाला फरक नाही, लिहिताना मात्र फरक करायचा. पहिली वेलांटी की दुसरी, यावर अडलेल्या कुणालाही ही अडचण समजावून सांगायला नको. लेखनिकांच्या कुवतीतही फरक होता. मिल्न आणि स्कीट यांनी 1938च्या अभ्यासात तीन लेखनिक वेगळे काढले, ए, बी आणि डी. त्यातला डी शुद्धलेखनात सगळ्यांत काटेकोर, बी सगळ्यांत ढिला आणि ए मधला. नव्या कराराचा बहुतेक भाग ए याने लिहिला आहे.

पण आकड्याबद्दल मला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. या ग्रंथातल्या काही फार मोठ्या दुरुस्त्या या मोजणीत येतच नाहीत. नव्या करारात ए याची पानं चाललेली असताना मध्येच तीन ठिकाणी डी याच्या अक्षरातली दुपानी, म्हणजे मधे दुमडलेलं दोन पानांचं चर्मपत्र, येते. त्यातली एक मत्तयच्या 16व्या अध्यायापासून 18व्यापर्यंतच्या मजकुराची आहे, दुसरी मार्कचा शेवट आणि लूकची सुरुवात यांची. म्हणजे ए याने लिहिलेलं चर्मपत्र काढून टाकलं आणि डी याने तिथे नवं लिहून बसवलं. मार्कच्या शेवटाशी अक्षरं ऐसपैस पसरली आहेत, लूक सुरू झाल्यावर ती दाटीने बसवली आहेत, नवा मजकूर जुन्या जागेत मापून घालावा लागला म्हणून. खाडाखोड एकही नाही. काढलेल्या पानांवर काय होतं ते कळायला मार्ग नाही. एवढी मोठी दुरुस्ती, आणि आपल्या यादीत तिची नोंद शून्य. आकडे वाचताना हे पान माझ्या डोळ्यांपुढे असतं.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हस्तलिखितातली दुरुस्ती तुम्ही फाइलमध्ये नेमकी कशी लिहिता? दोन थर एकाच ठिकाणी कसे मावतात?

उत्तर : यासाठी टीईआय नावाची एक्सएमएलची पद्धत आहे, आणि ग्रीक नव्या करारावर काम करणाऱ्या मंडळींनी तिच्यात आपल्या गरजेचे नियम ठरवून घेतले आहेत. जर्मनीत म्युन्स्टरला 1959 साली स्थापन झालेली नव्या कराराच्या संहितेची संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं बर्मिंगहॅमचं केंद्र यात पुढे आहेत. दुरुस्ती आली की त्या जागी ‘अ‍ॅप’ नावाचं एक घर उघडायचं. आत प्रत्येक पाठाला स्वतंत्र खोली. पहिल्या खोलीवर लिहायचं ‘मूळ’, हात (म्हणजे लिहिणारा) पहिला. दुसरीवर ‘दुरुस्ती’, हात दुरुस्ती करणाऱ्याचा. तिसरा कोणी आला असेल तर तिसरी खोली. मग वाचकाला पडद्यावर यातला कुठलाही थर निवडता येतो आणि शेकडो हस्तलिखितांशी त्याची तुलना यंत्राने करता येते.

एक नियम मात्र तू सुरुवातीलाच लक्षात घे. दुरुस्ती एका अक्षराची असली तरी खोलीत आख्खा शब्द लिहायचा. यंत्र शब्दाशी शब्द जुळवतं, त्याला अर्धा शब्द देऊन चालत नाही. यात काय गमावतं ते सांगते. तीमथ्याला पहिल्या पत्रात, 3:16 इथे, सिनाईच्या लेखनिकाने ‘होस’ असं दोनच अक्षरी लिहिलं, म्हणजे ‘जो’. जो देहात प्रकट झाला. पुष्कळ नंतरच्या एका हाताने ओळीच्या वर ‘थे’ची दोन बारीक अक्षरं घातली आणि शब्द झाला ‘थेओस’, देव. देव देहात प्रकट झाला. फाइलमध्ये हे असं दिसतं : मूळ ‘होस’, दुरुस्ती ‘थेओस’. दोन खोल्या, दोन्ही सारख्याच आकाराच्या, शेजारी शेजारी. पानावर मात्र जुनी अक्षरं जशीच्या तशी आहेत, त्यांना कोणी हात लावलेला नाही, आणि वरची अक्षरं उघडउघड दुसऱ्या काळातली आहेत. हे फाइल बोलत नाही, छायाचित्र बोलतं. म्हणून सिनाईच्या आवृत्तीत उतरवलेल्या मजकुरातला शब्द निवडला की छायाचित्रात तोच शब्द उजळतो, ही सोय मला जिवाभावाची वाटते. पान तिरप्या उजेडातही पाहता येतं, खरवडलेली जागा त्यात लगेच उठून दिसते.

चूक कुठे होते हेही सांगते, कारण ती माझ्याकडून झाली आहे. एका उत्तरकालीन शुभवर्तमानाचं पान मी उतरवत होते. वचन तोंडपाठ होतं. त्यातल्या एका शब्दाच्या दोन अक्षरांवर बारीक टिंबं होती. ग्रीक लेखनिक अक्षर रद्द करताना अशी टिंबं देतात. माझ्या नजरेने ती अक्षरं सरळ ओलांडली आणि मी शुद्ध शब्द लिहून पुढे गेले, ‘अ‍ॅप’ नाही, काही नाही. या कामात प्रत्येक पान दोघांनी एकमेकांचं न पाहता उतरवायचं असतं, मग यंत्र दोन्ही प्रती जुळवून फरक दाखवतं. माझ्या जोडीदाराने दोन्ही थर नोंदवले होते. मी छायाचित्र पुन्हा उघडलं, आणि टिंबं तिथेच होती, ठसठशीत. मला फार वाईट वाटलं, कारण मी नवी चूक केली नव्हती, मी एका माणसाची केलेली चूक आणि त्यानेच घेतलेली काळजी, दोन्ही पुसून टाकली होती. तेव्हापासून मी ओळ उतरवून झाली की शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे वाचत जाते. उलटं वाचताना वचन आठवत नाही, फक्त शाई दिसते.

प्रश्न : दुरुस्ती लेखनिकाने स्वतः केली की दुसऱ्याने, हे कशावरून ठरवता?

उत्तर : शाईचा रंग, अक्षराची वळणं, लेखणीची जाडी, आणि सुटलेला मजकूर घालायला वापरलेली खूण, आपण जिला काकपद म्हणतो तशी. हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फ यांनी एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करणाऱ्यांना ए पासून ई पर्यंत अक्षरं दिली (लेखनिकांची ए, बी, डी ही नावं वेगळी), त्यातल्या सी या गटाचे पुन्हा पोटविभाग केले, आणि ती नावं थोडी बदलून आजही चालतात. ‘सीए’ नावाने ओळखला जाणारा हात सगळ्यांत कष्टाळू, तो पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यानचा मानतात.

पण जिथे नुसतं एक टिंब आहे किंवा जिथे अक्षर फक्त खरवडलं आहे, तिथे हात कोणाचा ते कशावरून सांगणार? टिंबाला वळण नसतं. मुद्रित आवृत्तीत संपादक अशा जागी तळटीप देऊन संकोचाने बोलायचा. फाइलमधली खोली मात्र नाव मागते, आणि नाव लिहिलं की ते पडद्यावर इतर नावांइतकंच ठाम दिसतं. डिजिटल आवृत्तीबद्दल माझी खरी तक्रार असेल तर ती ही. ‘हात अनिश्चित’ लिहायची सोय नियमांत असते, ती लाज न बाळगता वापरावी, असं मी नव्याने काम शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

प्रश्न : मी श्रद्धावान ख्रिस्ती आहे. मार्कच्या पहिल्याच ओळीत ‘देवाचा पुत्र’ हे शब्द सिनाईच्या ग्रंथात नंतर घातलेले आहेत, असं कळल्यापासून मन अस्वस्थ आहे. कोणी मुद्दाम भर घातली का?

उत्तर : आपली अस्वस्थता मी समजू शकते, म्हणून जे पानावर आहे तेवढंच सांगते. लेखनिकाने लिहिलं : येशू ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ. ‘देवाचा पुत्र’ हे शब्द ओळीच्या वर घातले आहेत, आणि ते घालणारा हात अगदी सुरुवातीच्या काळातला, ग्रंथ तयार होत होता तेव्हाचाच मानला जातो. पवित्र नावं हे लेखनिक संक्षेपाने लिहीत : पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि वर आडवी रेघ. या ओळीत येशू, ख्रिस्त, पुत्र, देव अशी चार नावं सलग येतात आणि षष्ठी असल्यामुळे चारही ‘युप्सिलॉन’ या अक्षराने संपतात. शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती. तेव्हा आठ अक्षरं, त्यातली पाच तीच. अशा जागी नजर घसरणं सहज शक्य आहे. दुसरीकडे, पुस्तकाच्या आरंभी भक्तिभावाने शब्द वाढणंही शक्य आहे. अभ्यासकांत यावर दोन्ही मतं आहेत आणि मला एकाची बाजू घेऊन आपल्याला खोटा दिलासा द्यायचा नाही.

मुद्दाम बदलाबद्दल मात्र एक पाहा. याच ग्रंथात मार्कच्या 15व्या अध्यायात क्रुसाजवळचा शताधिपती, म्हणजे रोमन सैन्याचा अधिकारी, येशूला देवाचा पुत्र म्हणतो, ते शब्द पहिल्या हातानेच लिहिलेले आहेत. ज्याला ती श्रद्धा नको होती त्याने तेही ठेवले नसते. माझ्या मनाला आणखी एक गोष्ट स्पर्श करते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी लेखनिकाने 24व्या वचनानंतर समाप्तीची वेलबुट्टी काढली होती आणि शेवटचं, 25वं वचन राहिलं होतं. मग त्याने वेलबुट्टी पुसली, वचन लिहिलं आणि समाप्तीची खूण खाली पुन्हा काढली. हेही अतिनील दिव्यानेच उघड झालं. वचन चुकून राहिलं होतं की आधी मुद्दाम घेतलं नव्हतं, हे तो दिवा सांगत नाही, पण त्याने झाकून न ठेवता दुरुस्त केलं एवढं दिसतं.

प्रश्न : दुरुस्ती करणाराच चुकला तर?

उत्तर : तर त्याच्यावर कोणी तरी रागावतो! रोमच्या व्हॅटिकन ग्रंथालयातला व्हॅटिकानस कोडेक्स हाही चौथ्या शतकातला. त्यात इब्री लोकांस पत्रात, 1:3 इथे, लेखनिकाने ‘फानेरोन’ म्हणजे प्रकट करणारा असं लिहिलं होतं. कोणीतरी ते बदलून इतर प्रतींत असतं तसं ‘फेरोन’ केलं, म्हणजे धारण करणारा. शतकांनंतर तिसऱ्या एका माणसाने पहिला शब्द परत आणला आणि समासात लिहिलं : अरे महामूर्खा, दुष्टा, जुनं राहू दे, बदलू नकोस. आजचे अभ्यासक इथे ‘फेरोन’च मूळ मानतात. म्हणजे रागावणारा बहुधा पाठाच्या बाबतीत चूक होता, पण जुन्या पानाबद्दलची त्याची कळकळ माझ्या ओळखीची आहे. फाइलमध्ये या ओळीला खोल्या तीन, आणि समासातल्या वाक्याला वेगळी टीप, कारण ते पाठ नव्हे.

प्रश्न : या आवृत्तीत एकच जागा पाहायची तर कुठली पाहू?

उत्तर : लाइपझिगच्या पानांत इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा 19वा अध्याय उघडा आणि 17व्या वचनापर्यंत जा. वचन अर्ध्यावर असताना मजकूर एकदम एज्राच्या नवव्या अध्यायातल्या नवव्या वचनावर उडी मारतो. नवी ओळ नाही, जागा नाही, काही नाही. समोरच्या प्रतीत पानं चुकीच्या जागी लागलेली असावीत आणि लेखनिक जे दिसलं ते इमानाने उतरवत गेला. पुढे सीए हा दुरुस्ती करणारा तिथे पोहोचला तेव्हा त्याने पानं फाडली नाहीत, खरवडलीही नाहीत. जिथे सांधा चुकला तिथे तीन क्रूस काढले आणि समासात लिहिलं की, तीन क्रुसांच्या खुणेपाशी त्या सात पानांचा शेवट होतो, ती जास्तीची आहेत, एज्राची नाहीत. छायाचित्र पूर्ण मोठं करा. क्रूस लहान आहेत.